सव्विसावा माणूस



कामगार संघटनेत उमर घालवलेल्या माणसाने या व्यासपीठावरून अमेरिकेतील बेसबॉलवर बोलावे, हे छापील पत्रिकेत वाचून आपल्यापैकी पुष्कळांना मुद्रणदोष वाटला असेल. चालकांनी आमच्याकडे बोनस किंवा कंत्राटी पद्धत यांवर भाषण मागितले होते. त्या दोन्ही विषयांवर आम्ही वर्षभर फाटकावर बोलतच असतो, आणि ऐकणाऱ्यांना ते पाठ झाले आहेत. म्हणून आम्ही हट्टाने हा विषय घेतला. शिवाय आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीत आणि रद्दीच्या दुकानांत झाले. अशाच एका दुकानात मार्व्हिन मिलर नावाच्या गृहस्थाचे आत्मवृत्त आमच्या हाती लागले. हा मनुष्य पोलाद कामगारांच्या संघटनेत अर्थतज्ज्ञ होता, आणि १९६६ साली तो बेसबॉल खेळाडूंच्या संघटनेचा प्रमुख झाला. पुस्तक वाचले ते संघटनेसाठी. खेळाचे वेड लागले ते मागून. आणि पोलादाच्या नात्याने आम्ही संघ निवडला तोही पोलादाच्या गावचा, पिट्सबर्गचा. त्या संघाने शेवटचे अजिंक्यपद मिळवले ते १९७९ मध्ये. तेव्हा आमचे वेड स्वार्थाचे आहे असे कोणी म्हणणार नाही.

आज बोलायचे आहे ते खेळाविषयी थोडे आणि हजेरीपटाविषयी जास्त. अमेरिकेत मोठ्या लीगचे तीस संघ आहेत. फेब्रुवारीच्या मध्याला हे संघ थंडी चुकवून दक्षिणेकडे उतरतात, निम्मे फ्लॉरिडात आणि निम्मे ॲरिझोनात. तेथे पाच-सहा आठवडे सराव चालतो. त्यांची ही वसंतमाला. आपल्या व्याख्यानमालेत मात्र वक्त्याला पहिल्या दहा मिनिटांनंतर घरी पाठवीत नाहीत, एवढी आपली दया. तेथे प्रत्येक छावणीत साठ-सत्तर माणसे उतरतात, आणि मार्च संपता संपता त्यांतली सव्वीस उरतात. बाकीच्यांना एकेक करून व्यवस्थापकाच्या खोलीत बोलावतात. ज्याला बोलावणे आले त्याला दार उघडण्यापूर्वीच काय ते कळलेले असते.

पहिले वीस-बावीस जण कोण, हे लहान पोरेही सांगतात. भांडण असते ते शेवटच्या तीन-चार जागांचे. प्रेक्षक त्यावर महिनाभर हुज्जत घालतात, आणि आम्हीही घालतो. पण या हुज्जतीत किती मोलाची वस्तू पणाला लागलेली असते, ते आकड्यांवरून पाहा. २०२३ साली मोठ्या लीगमधील किमान वार्षिक वेतन ७,२०,००० डॉलर होते. तिच्या लगतच्या खालच्या, म्हणजे ट्रिपल-ए लीगमध्ये किमान वेतन होते ३५,८०० डॉलर. सव्विसाव्या आणि सत्ताविसाव्या माणसात वीस पटींचे अंतर! दोघांच्या खेळात वीस पटींचे अंतर असते काय? एखाद्या फटक्याचे, एखाद्या चुकलेल्या झेलाचे अंतर असते. शिवाय मोठ्या लीगच्या पटावर ४३ दिवस भरले की निवृत्तिवेतनाचा हक्क लागतो. तेव्हा मार्चच्या अखेरीस त्या खोलीत एखादा पस्तिशीचा गडी डोळे पुसत असेल तर तो नुसता हौसेला रडत नसतो.

आता या निवडीत गुणापेक्षा नियम कसे बोलतात ते पाहू. प्रत्येक संघाच्या सेवेत चाळीस जणांची एक मोठी यादी असते, आणि तिच्यातून हे सव्वीस. यादीतल्या तरुण खेळाडूला तीन हंगामांपुरते हवे तेव्हा खालच्या लीगमध्ये धाडता येते. याला ते ‘ऑप्शन’ म्हणतात. ऑप्शन मालकाचा असतो, खेळाडूचा नसतो, हे सांगायला नकोच. तीन हंगाम संपले की मात्र त्याला खाली पाठवण्यापूर्वी बाकीच्या एकोणतीस संघांपुढे ठेवावे लागते, आणि ज्याला हवा तो उचलून नेतो. त्यामुळे दर मार्चमध्ये असे घडते की तेवीस वर्षांचा चलाख पोरगा खाली जातो, कारण त्याचे ऑप्शन शिल्लक आहेत, आणि एकोणतीस वर्षांचा मध्यम प्रतीचा गडी पटावर राहतो, कारण त्याचे संपलेले आहेत. प्रेक्षक चिडतात. आम्हाला विचाराल तर हा नियम चांगला आहे. चांगल्या माणसाला अडगळीत ठेवून कुजवू नये, ठेवायचे तर खेळवा नाहीतर दुसऱ्याला द्या, असे तो मालकाला बजावतो.

अडगळीची गोष्ट आमच्या पिट्सबर्गच्याच भाग्याची आहे. १९५४ साली ब्रुकलिन डॉजर्सने पोर्तो रिकोतील एका एकोणीस वर्षांच्या मुलाला दहा हजार डॉलरची रक्कम देऊन करारबद्ध केले. त्या वेळचा नियम असा होता, की एवढी रक्कम घेतलेल्या मुलाला मोठ्या संघात ठेवावे, नाहीतर हंगामाअखेर तो इतरांना निवडीसाठी मोकळा. डॉजर्सने त्याला माँट्रियलच्या संघात पाठवले आणि तेथेही फारसे खेळवले नाही. इतरांच्या नजरेस पडू नये म्हणूनच ही युक्ती होती, असे पुष्कळजण मानतात. युक्ती फसली. त्या नोव्हेंबरात पिट्सबर्गने त्याला उचलले. तो रॉबर्टो क्लेमेंते. अठरा हंगाम तो पिट्सबर्गसाठी खेळला, बरोबर तीन हजार हिट त्याच्या नावावर लागले, आणि १९७२ च्या ३१ डिसेंबरला निकाराग्वातील भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेल्या विमानाच्या अपघातात तो गेला. हजेरीपटाचा एक नियम नसता तर हा माणूस ब्रुकलिनच्या अडगळीत किती वर्षे राहिला असता कोण जाणे. पटाच्याच संदर्भात आणखी एक तारीख सांगतो: १ सप्टेंबर १९७१. त्या दिवशी पिट्सबर्गचे व्यवस्थापक डॅनी मर्टॉ यांनी मैदानावर जे नऊ खेळाडू उतरवले ते सारे कृष्णवर्णीय किंवा लॅटिन अमेरिकन होते. मोठ्या लीगमध्ये हे प्रथमच घडत होते. त्याच वर्षी पिट्सबर्गने अजिंक्यपद जिंकले.

गोलंदाजांविषयी थोडक्यात बोलतो. सव्विसांपैकी जास्तीत जास्त तेरा पिचर ठेवता येतात, आणि सगळे संघ तेरा ठेवतात. उरलेल्या तेरांत नऊ खेळणारे, म्हणजे बाकावर चार, आणि त्यांत एक राखीव कॅचर. आमच्या मते ही मर्यादा अकरावर आणावी. पण मालकांना पिचर हवे असतात ते माणूस म्हणून नव्हे, ताजा हात म्हणून. दोन दिवस टाकून हात दमला की त्याला खाली धाडा आणि दुसरा हात वर आणा. ही ये-जा इतकी वाढली की २०२२ च्या करारात एका खेळाडूला एका हंगामात पाचपेक्षा अधिक वेळा असे खाली धाडता येणार नाही, असे कलम घालावे लागले. पाच वेळा बिऱ्हाड हलवणे हा आता त्यांचा सुधारलेला कायदा आहे!

आता मुख्य गोष्टीकडे येतो. बेसबॉलमध्ये खेळाडूचे सेवावर्ष १७२ दिवसांचे धरतात. अशी सहा वर्षे भरली की तो मोकळा होतो, म्हणजे हव्या त्या संघाशी बोलणी करू शकतो. तोवर तो एका मालकाशी बांधलेला. हंगाम असतो १८३ ते १८७ दिवसांचा. तेव्हा एखाद्या उगवत्या खेळाडूला सुरुवातीचे बारा-पंधरा दिवस खाली ठेवले, तर त्या वर्षाचे १७२ दिवस भरत नाहीत, आणि मालकाला त्याचे सहाऐवजी जवळजवळ सात हंगाम मिळतात.

२०१५ च्या वसंतात शिकागो कब्जच्या छावणीत ख्रिस ब्रायंट नावाचा तरुण होता. सरावाच्या सामन्यांत त्याने नऊ होमरन मारले. तीसही संघांत त्याच्यापुढे कोणी नव्हते. मार्चच्या अखेरीस त्याला खाली पाठवण्यात आले. कारण दिले गेले की तिसऱ्या बेसवरील त्याचे क्षेत्ररक्षण अजून सुधारायला हवे. १७ एप्रिलला त्याला वर बोलावले. एवढ्या दिवसांत ते क्षेत्ररक्षण सुधारले असावे! हंगाम संपला तेव्हा त्याचे दिवस भरले होते १७१. एक दिवस कमी. त्या वर्षी तो सर्वोत्तम नवोदित ठरला, पुढच्या वर्षी लीगमधील सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि त्याच २०१६ साली शिकागोने १०८ वर्षांनी अजिंक्यपद पटकावले. संघटनेने तक्रार लवादापुढे नेली. निकाल २०२० च्या आरंभी लागला, आणि तो क्लबच्या बाजूने लागला.

१७१ हा आकडा आम्ही पहिल्यांदा वाचला तेव्हा आम्हाला हसू आले, कारण आमच्या ओळखीचा आकडा २४० आहे. येथे कारखान्यांत ज्यांनी काम केले आहे त्यांना तो सांगायला नको. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने बारा महिन्यांत २४० दिवस भरलेल्यास सलग सेवेचे संरक्षण दिले होते, आणि कायम होण्याचा झगडाही त्याच आकड्याभोवती फिरत आला. आम्ही असे मस्टर पाहिले आहेत की ज्यांत बदली कामगाराचे नाव २३० च्या पुढे कोठेतरी थांबते, आठवडाभर काम नाही असे त्याला सांगतात, आणि मग तेच नाव नव्या तिकीट नंबराखाली पुन्हा सुरू होते. १९७१ च्या आपल्या महाराष्ट्राच्या कायद्यात, कायमपणाच्या हक्कांपासून वंचित ठेवण्याच्या हेतूने माणसाला वर्षानुवर्षे बदली ठेवणे ही अनुचित कामगार प्रथा ठरवली गेली. त्यातल्या ‘हेतूने’ या एका शब्दाने आमच्या किती तारखा खाल्ल्या, त्याचा हिशेब आमच्याकडे नाही. मालकाचा हेतू कागदावर नसतो. कागदावर क्षेत्ररक्षण असते.

क्वचित तो तोंडातून निघतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये सिॲटल संघाच्या अध्यक्षांनी एका रोटरी क्लबच्या सभासदांपुढे दूरदर्शनीय संवादात मोकळेपणाने सांगून टाकले, की होतकरू खेळाडूंचे सेवेचे दिवस आपण कसे राखून ठेवतो. ते बोलणे बाहेर पडले आणि गृहस्थांना राजीनामा द्यावा लागला. व्याख्यान देणाऱ्याने श्रोते कोण आहेत ते आधी पाहावे.

आपण म्हणाल, ब्रायंटला पुढे सात वर्षांचा अठरा कोटी वीस लाख डॉलरचा करार मिळाला, त्याचे अश्रू आम्ही का पुसावेत? पुसू नयेत. तो करार त्याला मिळाला म्हणून ही गोष्ट आपल्या कानावर आली, एवढेच. पिचरचा खांदा गेला, फलंदाजाचा गुडघा गेला, की सहावे वर्ष उजाडतच नाही. त्याच्या हिशेबात एक वर्ष म्हणजे त्याच्या विकाऊ आयुष्याचा मोठा तुकडा असतो. आणि मालक एक दिवस चोरून ते वर्ष घेतो.

ही सहा वर्षे आली कोठून? १९२२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की बेसबॉल हा आंतरराज्य व्यापार नव्हे, म्हणून मक्तेदारीविरोधी कायदा त्याला लागू नाही. या आडोशाने मालकांनी खेळाडूला जन्मभर बांधून ठेवले. करार संपला तरी पुढच्या वर्षाचा हक्क मालकाकडेच. १९६९ च्या ऑक्टोबरात सेंट लुईसने कर्ट फ्लड या आपल्या नामांकित खेळाडूला बारा हंगामांच्या सेवेनंतर, न विचारता, फिलाडेल्फियाला देऊन टाकले. त्याने जाण्यास नकार दिला आणि दावा लावला. तो १९७२ मध्ये पाच विरुद्ध तीन मतांनी हरला, आणि त्याची कारकीर्द संपली. जे त्याला मिळाले नाही ते १९७५ च्या डिसेंबरात मेसरस्मिथ आणि मॅकनॅली यांच्या प्रकरणात पीटर साइट्झ या लवादाने इतरांना दिले. मालकांनी लवादाला तात्काळ कामावरून काढले. पण बेडी तुटली ती तुटलीच.

आणि येथे मिलरचे डोके पाहा. आता सर्वच खेळाडू दरवर्षी मोकळे करा, असे एका मालकाने, चार्ली फिनली यांनी, सुचवले होते. मिलरला धास्ती वाटली ती याचीच. बाजारात एकदम शेकडो खेळाडू आले तर भाव पडेल. दरवर्षी थोडेच मोकळे झाले तर प्रत्येकाला भाव चढेल. म्हणून १९७६ च्या करारात सहा वर्षांची अट संघटनेनेही स्वीकारली. सौदा म्हणून तो अप्रतिम होता. पण कुंपण घातले की कुंपणाचा शेवटचा खुंटा कोठे रोवायचा यावर मालक रात्री जागू लागतो. ब्रायंटचा १७२ वा दिवस हा त्या सौद्यातलाच खुंटा आहे. मिलरविषयी आम्हाला अतोनात आदर आहे, आणि तरीही आम्ही म्हणतो की वर आलेल्यांचा भाव राखण्यासाठी खालच्यांना थांबवायचे, हे तत्त्व त्या करारात शिरले ते शिरलेच.

त्याचे फळ १९९५ च्या वसंतात दिसले. ऑगस्ट १९९४ मध्ये संप झाला, त्या वर्षीचे अजिंक्यपदाचे सामने रद्द झाले, आणि फेब्रुवारीत मालकांनी छावण्या उघडल्या त्या बदली खेळाडूंना घेऊन. हे बदली कोण होते? काही निवृत्त झालेले, आणि बरेचसे खालच्या लीगमधले. म्हणजे ज्यांना संघटनेने कधी सभासद करून घेतले नव्हते ते. खालच्या लीगमध्ये हजारो पोरे कवडीमोल वेतनावर खेळत होती, वसंतातील सरावाचे तर त्यांना वेतनच नव्हते. त्यांना मालकाने सांगितले, या, मोठा गणवेश घाला. काहींनी घातला. डेट्रॉइटचे वयोवृद्ध व्यवस्थापक स्पार्की अँडरसन यांनी अशा संघाला शिकवण्यास साफ नकार दिला आणि बिनपगारी रजेवर गेले. त्या माणसाला आम्ही मनोमन नमस्कार करतो. ३१ मार्चला सोनिया सोटोमेयर या न्यायाधीशबाईंनी मालकांविरुद्ध मनाईहुकूम दिला आणि संप मिटला. बदलींपैकी काहीजण पुढे आपल्या गुणाने मोठ्या लीगमध्ये चढले, अजिंक्य संघांतही खेळले. पण संघटनेने त्यांना सभासद केले नाही, आणि विजयाच्या स्मरणार्थ निघालेल्या सदऱ्यांवरून त्यांची नावे गाळली गेली. संपफोड्याला क्षमा नाही, हे आम्हीही फाटकावर सांगतो. पण जो कधी तुमच्या संघटनेत नव्हताच, त्याने कोणाशी बेइमानी केली, हा प्रश्न त्या सदऱ्यांकडे पाहून आमच्या मनात येतो.

हा प्रश्न सुटायला आणखी सत्तावीस वर्षे गेली. २०२२ च्या सप्टेंबरात खालच्या लीगमधील पाच हजारांवर खेळाडूंनी सभासदत्वाची कार्डे भरून दिली, संघटनेला मान्यता मिळाली, आणि मार्च २०२३ च्या अखेरीस पहिला करार झाला. ट्रिपल-एचे किमान वेतन १७,५०० वरून ३५,८०० वर गेले ते या कराराने. मोठ्या लीगच्या २०२२ च्या करारातही ब्रायंटवर थोडा उतारा निघाला. नवोदितांच्या निवडीत जो पहिला किंवा दुसरा येईल त्याला, केव्हाही वर आणले असले तरी, पूर्ण वर्षाची सेवा मिळते. आणि अशा होतकरूला पहिल्या दिवसापासून पटावर ठेवणाऱ्या संघाला, तो पुढे चमकला तर, नव्या खेळाडूंच्या निवडीत एक जादा संधी मिळते.

आमच्या पिट्सबर्गला या उताऱ्याची चव लगेच कळली. पॉल स्कीन्स हा पिचर २०२३ च्या निवडीत देशात पहिला आलेला. २०२४ च्या हंगामाची सुरुवात त्याने इंडियानापोलिसच्या खालच्या संघात केली, आणि ११ मे रोजी त्याला वर आणले. हाताला जपावे हे कारण पटण्यासारखे होते, तरुण पिचरला एकदम जुंपू नये हे आम्हीही मानतो. पण हात खाली टाकतानाही झिजतो आणि वर टाकतानाही. झाले असे की स्कीन्स सर्वोत्तम नवोदित ठरला, त्याला पूर्ण वर्ष मिळाले, संघाला जादा संधी मिळाली नाही, आणि एप्रिलमधले त्याचे सहा-सात सामनेही गेले. आता प्रेक्षक म्हणून आम्हाला वाटते की हा पोरगा पिट्सबर्गला जन्मभर राहावा, आणि संघटनेचा माणूस म्हणून वाटते की त्याची सहा वर्षे भरली की दुसऱ्या दिवशी त्याने हवे तेथे जावे. ही दोन्ही मते एकाच डोक्यात सुखाने नांदतात. अमेरिकेतील प्रेक्षकांचे मात्र पाहतो तर पुष्कळजण मालकाचा हिशेब मालकाहून तत्परतेने मांडतात. दोन आठवडे खाली ठेवला तर एक वर्ष जास्त मिळते, असे तिकिटाचे पैसे भरणारा सामान्य माणूस अभिमानाने सांगतो. ते जादा वर्ष त्याच्या खिशात जात नाही. तिकीटही स्वस्त होत नाही.

एक बारीकसा मुद्दा राहिला. आम्ही करार वाचायला घेतला की प्रथम शेवटचे पान पाहतो, मुदत केव्हा संपते ते. मोठ्या लीगचा करार १ डिसेंबर २०२६ पर्यंतचा. खालच्या लीगचा २०२३ पासून पाच हंगामांचा, म्हणजे २०२७ चा हंगाम त्यात धरलेला. एकाच संघटनेचे दोन करार, आणि दोन्हींच्या मुदती वेगळ्या! वरच्या सव्विसांवर मालकांनी टाळेबंदी घातली, जशी त्यांनी डिसेंबर २०२१ पासून ९९ दिवस घातली होती, तर खालचा सत्ताविसावा कराराने बांधलेला असल्यामुळे मैदानावर खेळतच राहील आणि प्रेक्षक त्याचे सामने पाहायला जातील. या दोन तारखा एकत्र आणण्याची मागणी त्या संघटनेच्या पुढच्या मसुद्यात पहिल्या पानावर हवी होती, असे आम्हाला वाटते. अध्यक्षांनी चिठ्ठी पुढे सरकवली आहे. कोणाला बेसबॉलचे नियम विचारायचे असतील त्यांनी खाली चहापाशी यावे, तेथे आम्ही सवडीने सांगू.